सुनेत्राताई आणि निष्क्रियांची यादी

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकराला प्राध्यापक दिवाकर देवघरे यांनी एक बटण दाबलं आणि विद्यापीठाच्या नऊ हजार तीनशे चाळीस विद्यार्थ्यांना एकाच दमात ईमेल गेला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं की सगळे पोचले, एकही परत आला नाही. देवघरे सरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाठवलेली एखादी गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचल्याची ही पहिलीच वेळ. वर्गात त्यांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे, आणि जबलपुरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी तो बैठकीतून निघून स्वयंपाकघरात शिरायच्या आतच विरून जाई. तेव्हा त्यांनी चहा मागवला, खव्याची जिलबी मागवली, आणि जिलबी येईपर्यंत कुलसचिवांकडे अहवालही धाडून दिला. सूचना शत-प्रतिशत वितरित.

सूचना मोठी मन लावून लिहिलेली होती. विद्यापीठाचा जुना ईमेल एकतीस मार्चला बंद होणार, प्रत्येकाला रोल नंबरचा नवा पत्ता मिळालेला आहे, तो अमुक प्रकारे उघडावा, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल तो टाकावा, आपला पासवर्ड ठरवावा. शेवटची ओळ लाल रंगात होती. परीक्षेच्या फॉर्मची लिंक फक्त नव्या पत्त्यावर येईल, ज्याचा नवा ईमेल उघडलेला नसेल त्याला फॉर्म भरता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. सरांनी त्याचा अर्थ असा काढला, की सूचना इतकी सोपी उतरली की कोणाला शंकाच उरली नाही. तिसऱ्या दिवशी संगणक कक्षाच्या ऑपरेटर सुनेत्राताई ठवकर दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर खुर्ची असली तरी त्या बसत नसत. बसलेला माणूस लवकर हो म्हणतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी विचारलं, सूचना कोणत्या पत्त्यावर धाडली.

सर म्हणाले, अर्थात नव्या.

"नवा उघडायचा कसा, हे नव्यातच धाडलं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. हिरवी अक्षरं होती तिथंच होती. नऊ हजार तीनशे चाळीस बंद खोल्या, प्रत्येक खोलीला बाहेरून कुलूप, आणि आत टेबलावर व्यवस्थित ठेवलेली चिठ्ठी, की किल्ली अमुक ठिकाणी मिळेल. सरांनी आवाज आणखी खाली आणून, म्हणजे जवळजवळ नाहीसाच करून, सुनेत्राताईंना विनवलं, की हे आपल्या दोघांतच राहू द्या.

"मी कोणाला नाही सांगत, सर. पण तो अहवाल वापस घ्या."

उद्या घेतो, असं सर म्हणाले. आणि ते उद्यावर गेलं ते गेलंच.

आता कॉमर्सचे प्राध्यापक असलेले देवघरे सर या ईमेलच्या भानगडीत पडले कसे, तर दोन वर्षांपूर्वी कुलगुरूंचा प्रिंटर चालेना म्हणून सगळे हवालदिल होऊन उभे असताना यांनी भिंतीजवळ खाली पडलेली वायर उचलून प्लगात घातली होती. तेवढ्या पुण्याईवर ते विद्यापीठाचे तंत्रज्ञ ठरले. नव्या ईमेलचा हुकूम आला तेव्हा 'नोडल अधिकारी' या कॉलमात त्यांचं नाव आधीच टाइप करून आलेलं होतं.

काम मात्र करायचं होतं सुनेत्राताईंना.

सुनेत्राताईंचे वडील, अण्णा, उमरेडकडून एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास जबलपुरात आले आणि फॅक्टरीत फिटर म्हणून लागले. जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की ती सरकारची, फक्त तोफांची की गाड्यांची एवढंच विचारायचं. अण्णांबद्दल क्वार्टरमध्ये अशी गोष्ट सांगत, की एखादा पार्ट केसभर जरी कमीजास्त झाला, तरी ते त्याच्या कागदावर सही करत नसत. सुपरवायझर ओरडायला लागला की अण्णा शांतपणे आपला डबा उघडून जेवायला बसत. जेवणाऱ्या माणसाला सरकारसुद्धा उठवू शकत नाही, असा त्यांचा अभ्यास होता. सुपरवायझरचं ओरडणं आणि अण्णांची भाकर साधारण एकाच वेळी संपे, आणि पार्ट परत मशीनवर चढे.

मुलगी त्याच वळणाची निघाली. सराफ्यात नथ घ्यायला गेली तर तोलताना दुकानातला पंखा बंद करायला लावणारी बाई ती. वाऱ्यानं काटा हलतो म्हणे. सोनार म्हणाला, बहनजी, इतनी हवा में क्या होता है. ताई म्हणाल्या, कुछ नहीं होता तो बंद करने में क्या जाता है. जून महिन्यात, भर दुपारी, अख्खं दुकान घामानं निथळत उभं राहिलं आणि नथ तोलली गेली.

विद्यापीठात त्या आधी रोजंदारीवर टायपिस्ट होत्या, मग संविदेवर ऑपरेटर झाल्या. संविदा म्हणजे अकरा महिन्यांची नोकरी. दर मार्चअखेर ती संपायची, नवा कागद निघायचा, आणि निघेपर्यंतच्या दिवसांत ताई न चुकता साडेदहाला येऊन आपल्या खुर्चीवर बसायच्या, कारण मुलांना काही त्यांची संविदा संपल्याचं कळत नसे. असे सतरा कागद झाले होते. या काळात सहा कुलगुरू आले नि गेले, तीन वेळा संगणक बदलले, पण खुर्चीवरची हाताने शिवलेली गोधडीची गादी आणि "दीदी, मेरा नहीं हो रहा" हे वाक्य, दोन्ही तशीच्या तशी होती. दीदी वयाने त्यांच्या आयांपेक्षा मोठी होती, ही गोष्ट वेगळी.

सुनेत्राताईंनी त्याच दिवशी दुपारी कँटीनसमोरच्या कडुनिंबाखाली एक टेबल लावलं आणि त्यावर पुठ्ठा टांगला, की नवा ईमेल इथे उघडून मिळेल, नाही उघडला तर परीक्षा नाही. ईमेलने केलं नव्हतं ते काम पुठ्ठ्याने तासाभरात केलं. रांग कँटीनला वळसा घालून सायकल स्टँडपर्यंत गेली. सर शेजारच्या खुर्चीवर बसून शंकानिरसन करत. शंका एकाच जातीच्या असत. मघाशी ठेवलेला पासवर्ड आता आठवत नाही. एका मुलाने मैत्रिणीच्या नावाचा पासवर्ड ठेवला होता आणि पंधरा दिवसांत तो दोनदा बदलून घ्यायला आला. ताईंनी तिसऱ्या वेळी त्याला सांगितलं, बेटा, अपने नाम का रख, वो नहीं बदलेगा.

नव्या ईमेलमध्ये खूण पटवायला एक प्रश्न विचारला जाई, तुमचा आवडता शिक्षक कोण. मुलं उत्तर पुटपुटत टाइप करत. सर दोन दिवस कान देऊन बसले. मग त्यांनी खुर्ची जरा लांब घेतली.

पंचवीस तारखेपर्यंत जवळजवळ सगळे झाले. उरले एकशे सत्त्याऐंशी. ताईंनी त्यांची नावं काढून बघितली तेव्हा त्यांचे फोन नंबरही शेजारी छापून आले, आणि सरांना वाटलं प्रिंटर पुन्हा बिघडला. वरपासून खालपर्यंत एकच नंबर होता. एकशे सत्त्याऐंशी विद्यार्थी आणि मोबाइल एक.

ताईंनी तो नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला, बळीराम फोटोकॉपी, कुंडम बस स्टँड.

उलगडा असा झाला. कुंडमच्या आसपासच्या जंगलातल्या गावांची ही मुलं. प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन, आणि ऑनलाइन म्हणजे बळीरामचं दुकान. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर मागत, आणि तो बहुतेकांच्या घरी नसे. असला तरी बापाजवळ, आणि बाप शेतावर, आणि शेतावर टॉवर नाही. कोणाचं सिम होळीला एक असे नि दिवाळीला दुसरं. बळीराम सगळ्यांच्या फॉर्मवर आपलाच नंबर टाकी. मग विद्यापीठाचा कोणताही निरोप आला, की तो चिठ्ठीवर उतरवून दुकानातल्या दोरीला चिमट्याने लटकवी. ज्या गावची बस असेल त्या बसच्या कंडक्टरकडे त्या गावच्या चिठ्ठ्या जात. तीन वर्षांत एक चिठ्ठी हरवली नव्हती. जुना ईमेल कोणाचा कोणत्या नंबरवर आहे याची फिकीर करत नसे, त्यामुळे हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नवा ईमेल शहाणा होता. एका मोबाइलवर तो एकच पत्ता उघडू देई. कुंडमची एक मुलगी पहिल्याच दिवशी उघडून मोकळी झाली होती, आणि तिच्यानंतर बळीरामच्या दुकानातून प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाला लाल अक्षरांत उत्तर येत होतं, की हा क्रमांक आधीच वापरात आहे. सरांनी नवा ईमेल पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलाने फार गोड आवाजात सांगितलं, की विद्यार्थ्यांनी आपापला मोबाइल घेऊन यावं.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांनी दोघांना बोलावलं. कुलसचिव सक्सेना साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना फाइल बंद करण्याचा मोठा नाद होता. त्यांच्यासमोर एक छापील नमुना होता, 'निष्क्रिय विद्यार्थ्यांची यादी'. जे उरले त्यांची नावं यात भरायची, खाली ऑपरेटरने सही करायची, की या सर्वांना वेळेत सूचना मिळूनही त्यांनी दखल घेतली नाही. एक तारखेला यादी भोपाळला जाईल. विषय संपला.

सुनेत्राताई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, ही मुलं निष्क्रिय नाहीत. वर्ग होते तोवर रोज सकाळी पाचला उठून बसने येत होती.

साहेबांनी समजावलं, की सूचना शंभर टक्के पोचली होती, तसा देवघरे सरांचा अहवालच आहे. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. ताईंनी अहवालाकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता, तरी त्यांनी तो बराच वेळ प्यायला. शब्द दिला होता म्हणून ताई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हे सरांना त्या बोलल्या असत्या त्यापेक्षा जास्त लागलं.

"लिस्ट मैं नहीं बनाऊँगी, सर," ताई म्हणाल्या.

"आपका रिन्यूअल इसी महीने है न?"

"है सर. उसकी फाइल अलग है."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ज्याने नवा ईमेल उघडला नाही तो निष्क्रिय, मग तो कोणी का असेना.

"तो स्टाफ के ग्यारह लोग और हैं, सर," ताई म्हणाल्या. "आपको मिलाकर."

साहेबांचा ईमेल त्यांचा पीए बघत असे आणि पीए सुटीवर होता. त्यांनी कसंनुसं हसून, एकतीसपर्यंत जे करायचं ते करा, पण एक तारखेला यादी पाहिजे, असं सांगून दोघांना वाटेला लावलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सरांनी ताईंना म्हटलं, तुम्ही उगाच ओढवून घेता. सतरा वर्षं झाली, अठरावा कागद निघू द्या. ताई चालता चालता म्हणाल्या, मला एवढंच सांगा, अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून हाताने पासवर्ड देता येते की नाही. सर म्हणाले, येतं, पण प्रत्येक वेळी ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल, आणि विद्यार्थी ओळखपत्रासकट समोर पाहिजे, असा नियम आहे.

"वर्ग संपले, मुलं गावी आहेत. मग आपणच त्यांच्या समोर जाऊ. रविवारी सातची बस."

सर रविवारी न जाण्याची चार कारणं तयार करून घरी गेले. त्यांच्या पत्नी लतिकावहिनींनी चारही ऐकून घेतली आणि मग विचारलं, ते अहवालाचं काय झालं. सरांना हे बायकोला सांगितल्याचं आठवत नव्हतं. झोपेत बोलले असावेत. रविवारी पावणेसातला ते स्टँडवर हजर होते, हातात चार्जर, आणि चेहरा दवाखान्यात दाखल व्हायला निघालेल्या माणसासारखा.

कुंडमला बस स्टँडवर उतरताच त्यांना दिसलं, की बळीरामच्या दुकानासमोर जत्रा भरली आहे. ताईंनी दोन दिवस आधी फोन करून ठेवला होता. बळीरामने चिठ्ठ्या लिहिल्या, दोरीला लावल्या, कंडक्टरांनी नेल्या आणि दीडशेच्या वर मुलं ओळखपत्र घेऊन उभी होती. सर ती दोरी बघत राहिले. तिच्यावर चिमट्यांनी अडकवलेल्या चिठ्ठ्या, गावांच्या नावाने वेगळ्या केलेल्या, आणि खाली एक वही, कोणती चिठ्ठी कोणत्या बसने गेली त्याची. हे सगळं फोटोकॉपीच्या एका मशीनमागे, दहा बाय आठच्या खोलीत, बिनापासवर्डचं चाललेलं होतं.

बळीराम स्वतः मात्र घाबरलेला होता. पन्नाशीचा, धुतलेला शर्ट घातलेला. त्याला वाटलं होतं विद्यापीठाचे साहेब दुकान बंद करायला आलेत. तो हात जोडून सांगायला लागला, की आपला नंबर टाकण्यात त्याचा काही फायदा नव्हता, उलट रात्रंदिवस मोबाइल वाजतो, बायको म्हणते दोन पोरं आपली कमी होती का. ताईंनी त्याला मध्येच थांबवून म्हटलं, भैया, तुमने जो किया वो हमारा काम था. बळीरामने दुकानातली एकमेव खुर्ची पुसून सरांपुढे सरकवली. ताई नेहमीप्रमाणे उभ्याच.

काम सुरू झालं. मुलगा पुढे येई, ताई ओळखपत्र बघत, रोल नंबर टाकत, सरांच्या खिशात मोबाइल वाजे, सर सहा आकडे मोठ्याने वाचत, ताई ते टाकत, आणि मुलाच्या हातात पासवर्डची चिठ्ठी पडे. पुढचा. दहाव्याला सरांना आकडे वाचायचा सूर सापडला. तिसाव्याला घसा बसला. साठाव्याला बळीरामने गूळ आणि पाणी आणून दिलं. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा रस्त्यापलीकडच्या माणसापर्यंत पोचत होता, आणि पलीकडचे दोन म्हातारे पान खात त्यांच्या प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते.

नव्वदाच्या आसपास सत्यवती मरावी नावाची मुलगी आली. बीएस्सी दुसरं वर्ष. तिने चिठ्ठी घेतली, वाचली, घडी घातली, पण हलेना. तिला एक विचारायचं होतं. सगळे म्हणतात नोटीस आली होती, विभागात सर रागावलेसुद्धा, की नोटीस वाचत नाही. तर ती नोटीस कुठे आली होती?

ताईंनी मान वर केली नाही. त्या पुढचा रोल नंबर टाकत होत्या. सरांनी एकदा मोबाइलकडे बघितलं, पण ओटीपी यायचा नव्हता.

"नए वाले पते पर," सर म्हणाले.

सत्यवतीने क्षणभर विचार केला. "पर सर, वो तो खुला ही नहीं था."

"हाँ. वो मेरी गलती थी."

आधी बळीराम हसला, मग तोंडावर हात दाबून थांबायचा प्रयत्न करू लागला, मग रांग हसली, पलीकडचे म्हातारे काही न कळताच हसले. सत्यवती हसली नाही. ती म्हणाली, सर, हे आमच्या विभागातल्या सरांना सांगाल? सर म्हणाले, सांगतो. मग थोड्या वेळाने ते खुर्चीवरून उठले आणि ती ताईंकडे सरकवून स्वतः उभे राहिले. ताई बसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्चीवर आपला डबा ठेवला, म्हणजे ती अगदीच नाकारली नाही.

सोमवारी सकाळी सरांनी दोन कागद दिले. एक सत्यवतीच्या विभागाला, एक कुलसचिवांना, की माझा अहवाल चुकीचा होता, सूचना कोणालाही पोचली नव्हती. कुलसचिवांनी तो वाचला, सरांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, छोड़िए देवघरे जी, हो जाता है. कागद ड्रॉवरमध्ये गेला. देवघरे सरांना आपण इतक्या सहज सुटलो याचा आनंद व्हायला हवा होता. चहा कडू लागला.

एकतीसच्या संध्याकाळपर्यंत एकशे एक्क्याऐंशी झाले. सहा मुली राहिल्या. त्या आपल्या घरच्यांबरोबर आतल्या गावाला मोहाची फुलं वेचायला गेल्या होत्या. मोह फुलला की पंधरा दिवस सगळं घर पहाटेपासून झाडाखाली असतं, कारण फुलं कोणाची तारीख बघून पडत नाहीत. तिकडे बस जात नव्हती. बळीरामने कोणाच्या तरी सायकलवर चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. एक तारीख उजाडली. ताईंची संविदा आदल्या दिवशी संपली होती. त्या साडेदहाला आल्या आणि गादीवर बसल्या. कुलसचिवांचा माणूस यादीचा नमुना घेऊन आला, तर ताईंनी त्यावर लिहिलं, निष्क्रिय : कोणी नाही. सहा जणी रस्त्यात आहेत.

सहा जणी दोन तारखेला दुपारी पोचल्या. पायाला माती, हातांना मोहाचा वास, ओढणीच्या टोकाला ओळखपत्र बांधलेलं. तारीख उलटून गेलेली होती. कंपनीने अजून कुलूप लावलं नव्हतं, पण नियमाने आता काही करता येणार नव्हतं. शिवाय सुनेत्राताई आता नियमाने विद्यापीठात कोणीच नव्हत्या. त्यांनी रोल नंबर टाकला आणि सरांकडे बघितलं. त्या काही मागत नव्हत्या, नुसतं बघत होत्या. मोबाइल वाजला. दिवाकर देवघरे यांनी आयुष्यात रांग मोडली नव्हती, लाल दिव्याला तर रिकाम्या रस्त्यावरही ते थांबत. त्यांनी सहा आकडे वाचले, आणि असे वाचले की कॉरिडॉरमधला शिपाई आत डोकावून गेला. असं सहा वेळा झालं. संध्याकाळी सहा जणींनी परीक्षेचे फॉर्म भरले आणि कुंडमची शेवटची बस पकडली.

आठवड्याभराने कंपनीचा तक्ता आला. त्यात सहा नावांपुढे दोन एप्रिल होतं. कुलसचिवांनी सरांना काही विचारलं नाही, कारण प्राध्यापकाला काय विचारणार. सुनेत्रा ठवकर यांना मात्र पत्र गेलं. मुदत संपल्यावर आणि संविदा संपल्यावर आपण प्रणालीत काम केलं. लेखी माफी द्यावी, मग नूतनीकरणाचा विचार होईल.

सर साहेबांकडे गेले. लॉगिन माझं होतं, ओटीपी माझा होता, मला पत्र द्या, असं म्हणाले. साहेब म्हणाले, आप भी न, देवघरे जी. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की एक ओळ लिहून द्यायला सांगा त्यांना. बस एक ओळ. फाइल मी तासाभरात काढतो.

सरांनी ती ओळ स्वतः बसून लिहिली, चांगल्या कागदावर, चांगल्या हिंदीत. झालेल्या प्रकाराबद्दल खेद आहे, भविष्यात असं होणार नाही. आणि ते संगणक कक्षात गेले. ताई सवयीप्रमाणे आपल्या जागेवर होत्या, समोर एक मुलगा पासवर्ड विसरून उभा होता, आणि बाजूला डबा उघडा होता. त्यांनी आधी मुलाचं काम केलं. मग हात पुसून कागद घेतला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि न चुरगाळता, न फाडता, सरांसमोर परत ठेवला.

सरांनी त्यांना सगळं सांगून बघितलं. अठरावा कागद नुसता सहीसाठी अडलाय. मुलांचे फॉर्म भरले गेलेत, ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही. तुम्ही नसलात तर पुढच्या पोरांनी कोणाकडे जायचं. साहेबांनाही मनातून माहीत आहे, त्यांना फक्त फाइलला कागद पाहिजे. एवढं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आपल्या खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून ताईंपुढे धरलं.

"ताई, एका ओळीनं काय होते? काहून अडून बसल्या? करून टाका न सही."

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात टाकायच्या आधी म्हणाल्या, "पुन्हा असं होणार नाही म्हणून सही केली, तर पुढच्या मार्चमध्ये मी खोटी पडीन."